होमी जहांगीर भाभा

होमी जहांगीर भाभा (जन्म : मुंबई, ३० ऑक्टोबर १९०९, मृत्यू : माँ ब्लाँ, आल्प्स पर्वत, २४ जानेवारी १९६६) हे भारतीय सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ आणि भारताच्या अणुऊर्जा कार्यक्रमाचे शिल्पकार होते. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि ट्रॉम्बे येथील अणुसंशोधन केंद्र या दोन्ही संस्था त्यांनी स्थापन केल्या. सर्वसामान्य वाचकाला भाभा हे नाव अणुभट्ट्यांमुळे ठाऊक असते. जगभरच्या भौतिकीच्या पाठ्यपुस्तकांत मात्र ते टिकून राहिले आहे, ते इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांच्या आघातासंबंधी त्यांनी वयाच्या सव्विसाव्या वर्षी केलेल्या गणितामुळे. या आघातप्रक्रियेला 'भाभा प्रकीर्णन' असे म्हणतात. संशोधक म्हणून त्यांचा सर्वांत फलदायी काळ साधारणपणे १९३३ ते १९४५ असा जेमतेम बारा वर्षांचा आहे. पुढची वीस वर्षे संस्था उभारण्यात गेली.

बालपण आणि शिक्षण

भाभांचा जन्म मुंबईतील एका सधन व सुशिक्षित पारशी कुटुंबात झाला. त्यांचे आजोबा हॉर्मसजी भाभा हे म्हैसूर संस्थानात शिक्षण खात्याचे प्रमुख अधिकारी होते. वडील जहांगीर हॉर्मसजी भाभा यांनी इंग्लंडमध्ये शिक्षण घेऊन वकिली केली. आई मेहेरन या पेटिट घराण्याशी संबंधित होत्या. आत्या मेहेरबाई यांचा विवाह सर दोराबजी टाटा यांच्याशी झाला होता. त्यामुळे पोलाद, जलविद्युत आणि देशी उद्योग यांविषयीच्या चर्चा होमींच्या कानांवर लहानपणापासूनच पडत असत. घरात पुस्तकांचा मोठा संग्रह होता आणि पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या तबकड्याही होत्या. चित्रकला आणि संगीत यांची गोडी त्यांना याच काळात लागली.

त्यांचे शालेय शिक्षण मुंबईच्या कॅथीड्रल अँड जॉन कॉनन शाळेत झाले. सीनियर केंब्रिज परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर परदेशी जाण्याइतके वय झालेले नसल्याने ते काही काळ एल्फिन्स्टन महाविद्यालयात आणि त्यानंतर रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकले. १९२७ मध्ये ते केंब्रिजच्या गॉनव्हिल अँड कीझ महाविद्यालयात दाखल झाले. त्यांनी यांत्रिक अभियांत्रिकी शिकून जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात अधिकारपदावर काम करावे, अशी वडिलांची आणि दोराबजी टाटांची अपेक्षा होती.

केंब्रिज आणि अभियांत्रिकीचा त्याग

केंब्रिजला पोहोचल्यावर वर्षभरातच या अपेक्षेला तडा गेला. पॉल डिरॅक यांनी १९२८ मध्ये इलेक्ट्रॉनचे सापेक्षतावादी समीकरण मांडले होते. पुंजयामिकी हे नवे शास्त्र तेव्हा घडत होते आणि ते घडवणारी माणसे व्याख्यान-कक्षात समोर उभी राहून शिकवत होती. भाभांनी वडिलांना पत्र लिहून आपला कल भौतिकीकडे असल्याचे आणि यंत्रांच्या व्यवसायात आपले मन रमणार नसल्याचे स्पष्टपणे कळवले. वडिलांनी ही विनंती धुडकावली नाही, पण एक अट घातली. अभियांत्रिकीची परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाल्यास गणिताच्या पुढील अभ्यासाचा खर्च ते करणार होते. भाभांनी १९३० मध्ये अभियांत्रिकीची ट्रायपॉस परीक्षा आणि १९३२ मध्ये गणिताची ट्रायपॉस परीक्षा, अशा दोन्ही परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण केल्या. सक्तीने पदरात पडलेले हे अभियांत्रिकीचे शिक्षण पुढे इमारती आणि अणुभट्ट्या उभारताना त्यांच्या फार उपयोगी पडले.

१९३२ हे वर्ष केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेच्या इतिहासात अपूर्व मानले जाते. रदरफर्ड संचालक असताना तेथे जेम्स चॅडविक यांनी न्यूट्रॉनचा शोध लावला आणि कॉक्रॉफ्ट व वॉल्टन यांनी वेगवान प्रोटॉनांच्या माऱ्याने अणुकेंद्राचे विघटन घडवून आणले. त्याच वर्षी अमेरिकेत कार्ल अँडरसन यांना विश्वकिरणांत पॉझिट्रॉन आढळला. पॉझिट्रॉन म्हणजे इलेक्ट्रॉनइतक्याच वस्तुमानाचा, परंतु धन विद्युत्भार असलेला कण. पुढील वर्षी ब्लॅकेट आणि ओकियालिनी यांनी कॅव्हेंडिशमध्येच त्याला दुजोरा दिला. भाभा प्रयोगशाळेच्या या वातावरणात वावरत असले, तरी त्यांची साधने कागद व लेखणी हीच होती. प्रवासी विद्यार्थिवृत्ती मिळाल्यामुळे झुरिकमध्ये वोल्फगांग पाउली आणि रोममध्ये एन्रिको फर्मी यांच्या सहवासात त्यांना काम करता आले. विश्वकिरणांच्या शोषणावरील त्यांचा पहिला शोधनिबंध १९३३ मध्ये एका जर्मन नियतकालिकात प्रसिद्ध झाला. राल्फ फाउलर यांच्या मार्गदर्शनाखाली १९३५ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली.

भाभा प्रकीर्णन

एखादा कण दुसऱ्या कणावर आदळून आपली दिशा बदलतो, या घटनेस प्रकीर्णन म्हणतात. विसाव्या शतकातील अणुविज्ञानाचे मोठे शोध बहुतांशी या एकाच युक्तीने लागले आहेत. डोळ्यांना न दिसणाऱ्या वस्तूवर सूक्ष्म कणांचा मारा करायचा आणि ते कोणत्या कोनात किती संख्येने विखुरतात ते मोजायचे, अशी ही युक्ती आहे. भाभा जन्मले त्याच १९०९ साली गायगर आणि मार्सडेन यांनी सोन्याच्या पातळ पत्र्यावर अल्फा कण सोडून असे मोजमाप केले होते. त्यावरून रदरफर्ड यांनी १९११ मध्ये अणुकेंद्राचे अस्तित्व दाखवून दिले. १९१४ मध्ये बर्लिनमध्ये जेम्स फ्रांक आणि गुस्टाफ हर्ट्झ यांनी पाऱ्याच्या वाफेतून इलेक्ट्रॉन सोडले. तेव्हा पाऱ्याच्या अणूला इलेक्ट्रॉनकडून ४.९ इलेक्ट्रॉनव्होल्ट एवढी ठरावीक ऊर्जाच घेता येते, असे त्यांना आढळले. अणूंमधील ऊर्जेच्या पायऱ्या सुट्या सुट्या असतात, याचा हा थेट पुरावा होता.

भाभांनी हाती घेतलेला प्रश्न या परंपरेतला, तरीही निराळा होता. दोन इलेक्ट्रॉन एकमेकांवर आदळले, तर आघातानंतर बाहेर पडणाऱ्या दोहोंपैकी मूळचा आघातक कोणता आणि लक्ष्य कोणते, हे ओळखता येत नाही. दोन्ही कण सर्वस्वी एकसारखे असतात, त्यामुळे गणितात दोन्ही शक्यता एकत्र धराव्या लागतात. वेगवान इलेक्ट्रॉनांच्या बाबतीत डेन्मार्कचे क्रिस्टियान म्योलर यांनी १९३२ मध्ये हे गणित पूर्ण केले होते. पॉझिट्रॉन आणि इलेक्ट्रॉन यांचा आघात झाला तर काय? त्यांचे विद्युत्भार परस्परविरुद्ध असल्याने ते ओळखता येतात, तेव्हा अदलाबदलीची शक्यता धरण्याचे वरवर पाहता कारण दिसत नाही.

डिरॅक यांच्या सिद्धांताप्रमाणे मात्र पॉझिट्रॉन हा स्वतंत्र जातीचा कण नाही. अवकाशात ऋण ऊर्जेच्या अवस्था इलेक्ट्रॉनांनी पूर्णपणे भरलेल्या आहेत, अशी कल्पना करावी. त्यांतील एक जागा रिकामी झाली, की ती पोकळी आपल्याला धन विद्युत्भाराचा कण म्हणून जाणवते. हे चित्र खरे असेल, तर समोरून येणारा इलेक्ट्रॉन त्या पोकळीत पडून दोघेही नाहीसे होऊ शकतात आणि त्यांच्या ऊर्जेतून नवी जोडी जन्माला येऊ शकते. बाहेरून पाहणाऱ्याला केवळ एक इलेक्ट्रॉन आणि एक पॉझिट्रॉन दिशा बदलून निघालेले दिसतात. ते नुसते एकमेकांना चाटून गेले, की नष्ट होऊन पुन्हा निर्माण झाले, हे सांगण्याची सोय नसते. पुंजयामिकीचा नियम असा, की जेथे दोन वाटा ओळखता येत नाहीत तेथे त्यांच्या संभाव्यता वेगवेगळ्या काढून त्यांची बेरीज करायची नसते. प्रत्येक वाटेसाठी मांडलेल्या मूळ राशींची आधी बेरीज करावी लागते आणि मग तिच्यावरून संभाव्यता काढावी लागते. त्यामुळे दोन वाटा एकमेकींना पूरक ठरू शकतात किंवा मारकही ठरू शकतात.

भाभांनी ही बेरीज केली. वेग कमी असताना दुसऱ्या वाटेचा वाटा नगण्य असतो. वेग प्रकाशाच्या वेगाजवळ जातो तसा तो वाढत जाऊन मोजता येण्याइतका होतो, असे त्यांनी दाखवले. हा निबंध १९३५ च्या ऑक्टोबरात रॉयल सोसायटीकडे पोहोचला आणि १९३६ मध्ये तिच्या कार्यवृत्तात छापून आला. प्रयोगांनी या सूत्राच्या बाजूने कौल दिला, म्हणजेच पॉझिट्रॉनविषयीच्या डिरॅक यांच्या कल्पनेलाही आधार मिळाला. अत्यंत अमूर्त कल्पनेतून प्रत्यक्ष मोजता येईल असा आकडा बाहेर काढणे, हे या निबंधाचे वैशिष्ट्य होय. भाभांच्या नंतरच्या कोणत्याही भव्य वास्तूपेक्षा या मोजक्या पानांचे मोल कमी नाही.

आज इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन आघातकांत या प्रक्रियेचा उपयोग एखाद्या प्रमाणित वजनमापासारखा केला जातो. दोन झोतांतील कण किती प्रमाणात आदळत आहेत हे नेमके कळल्याशिवाय अन्य कोणत्याही मोजमापाला अर्थ राहत नाही. भाभा प्रकीर्णनाचे प्रमाण गणिताने अतिशय काटेकोरपणे काढता येते. म्हणून झोताच्या नळीलगत, लहान कोनांत, शोधक बसवून अशा घटना मोजतात आणि त्यावरून आघातांचे प्रमाण ठरवतात. जिनीव्हाजवळील सर्न संस्थेच्या लेप या आघातकात १९८९ ते २००० या काळात हीच पद्धत वापरली गेली.

प्रकीर्णनाचे प्रयोग आणि लेसर

मुक्त इलेक्ट्रॉन व मुक्त पॉझिट्रॉन यांचा आघात हा गणिताच्या दृष्टीने स्वच्छ प्रश्न आहे, कारण त्यात तिसऱ्या कोणाची लुडबुड नसते. अणूवर आदळणाऱ्या इलेक्ट्रॉनची गोष्ट अधिक गुंतागुंतीची असते. अणूत केंद्रक असते, अनेक इलेक्ट्रॉन असतात आणि आघातापूर्वी अणू नेमका कोणत्या अवस्थेत होता, हेही बहुधा ठाऊक नसते. ही शेवटची अडचण लेसरच्या शोधानंतर बऱ्याच अंशी दूर झाली. पहिला लेसर १९६० मध्ये थिओडोर मेमन यांनी अमेरिकेत चालवून दाखवला. पुढील दशकात, रंगद्रव्याच्या द्रावणापासून बनवलेले आणि तरंगलांबी हवी तशी बदलता येणारे लेसर हाती आल्यावर, इलेक्ट्रॉन-अणू प्रकीर्णनाच्या प्रयोगांचे स्वरूपच पालटले.

अशा प्रयोगाची मांडणी थोडक्यात पुढीलप्रमाणे असते. निर्वात पात्रात लहानशा भट्टीत सोडियम तापवून त्याच्या अणूंचा बारीक झोत सोडतात. त्याला काटकोनात छेदणारा, ठरावीक ऊर्जेचा इलेक्ट्रॉनांचा झोत एका इलेक्ट्रॉन बंदुकीतून येतो. दोन्ही झोत मिळतात त्याच बिंदूवर खिडकीतून लेसरचा किरण पाडतात. त्याची तरंगलांबी सोडियमच्या पिवळ्या रेषेशी, म्हणजे सुमारे ५८९ नॅनोमीटरशी, तंतोतंत जुळवलेली असते आणि ती तेथेच स्थिर ठेवावी लागते. किरणाच्या मार्गात एक ध्रुवक आणि स्फटिकाच्या चकत्या बसवलेल्या असतात. चकती फिरवली, की प्रकाशाच्या ध्रुवणाची दिशा फिरते, किंवा सरळ ध्रुवणाचे वर्तुळाकार ध्रुवण होते. अणूने असा प्रकाश शोषला, की त्याच्या बाह्य इलेक्ट्रॉनचा ढगही त्या दिशेला अनुसरून आकार घेतो. म्हणजे अणू केवळ उत्तेजित होत नाही, तर आपल्याला हवा तसा वळवून उभा करता येतो. या उत्तेजित अणूला इलेक्ट्रॉन भेटला, तर काही वेळा अणू आपली २.१ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा त्याला देऊन टाकतो आणि इलेक्ट्रॉन आला त्यापेक्षा अधिक वेगाने निघून जातो. फ्रांक व हर्ट्झ यांनी पाहिलेल्या प्रक्रियेचाच हा उलटा प्रवास आहे. ध्रुवण बदलत विखुरलेल्या इलेक्ट्रॉनांची संख्या मोजत गेले, की नुसत्या संभाव्यता कळतात असे नाही. वेगवेगळ्या वाटांच्या मूळ राशी एकमेकींशी कशा जुळतात, तेही उलगडते. भाभांच्या निबंधाचा कणा असलेली वाटांची बेरीज येथे प्रयोगशाळेच्या टेबलावर मोजता येते.

भाभांनी स्वतः अशा प्रयोगांत भाग घेतला नव्हता. परंतु लेसरचे महत्त्व त्यांच्या संस्थेने लवकर ओळखले. ट्रॉम्बे येथे १९६४ मध्ये, म्हणजे जगातला पहिला लेसर चालल्यावर चारच वर्षांनी, गॅलियम आर्सेनाइडचा अर्धसंवाहक लेसर तयार करण्यात आला. अणुऊर्जा विभागाच्या लेसरविषयक कार्यासाठी १९८४ मध्ये इंदूर येथे स्वतंत्र केंद्राची पायाभरणी झाली. आज ते राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र या नावाने ओळखले जाते.

विश्वकिरण आणि मेसॉन

१९३७ मध्ये भाभा आणि वाल्टर हाइटलर यांनी विश्वकिरणांच्या वर्षावाची उपपत्ती मांडली. अतिवेगवान इलेक्ट्रॉन वातावरणात शिरला, की तो क्ष-किरणांसारखे प्रकाशकण बाहेर टाकतो. त्या प्रकाशकणांपासून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या जोड्या बनतात आणि त्यांच्यापासून पुन्हा प्रकाशकण निर्माण होतात. एका कणापासून पाहता पाहता हजारो कणांचा वर्षाव होतो. त्याच वर्षी अमेरिकेत कार्लसन आणि ओपेनहायमर हेही स्वतंत्रपणे याच निष्कर्षाला आले. जाड शिशाच्या थरांतूनही आरपार जाणारे काही कण या उपपत्तीत बसत नव्हते, म्हणून ते कण इलेक्ट्रॉनहून जड असले पाहिजेत, हेही या विचारातून स्पष्ट होत गेले. अशा कणांचे आयुष्य त्यांच्या वेगानुसार लांबलेले दिसेल आणि त्यातून सापेक्षता सिद्धांताची थेट परीक्षा होईल, हे भाभांनी १९३८ मध्ये दाखवून दिले. या कणांसाठी 'मेसॉन' हे सुटसुटीत नाव रूढ करण्यातही त्यांचा वाटा आहे.

बंगळूर

१९३९ मध्ये भाभा सुट्टीसाठी भारतात आले होते. सप्टेंबरात दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि परतीचा मार्ग बंद झाला. चंद्रशेखर वेंकट रामन हे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत भौतिकी विभागाचे प्रमुख होते. तेथे भाभांना प्रपाठकपद मिळाले आणि दोराबजी टाटा न्यासाच्या अनुदानातून विश्वकिरणांच्या अभ्यासासाठी एक स्वतंत्र विभागही उभा राहिला. १९४१ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. पुढील वर्षी त्यांना केंब्रिजचे ॲडम्स पारितोषिक मिळाले. हरीशचंद्र हे पुढे थोर गणिती म्हणून नावाजले गेलेले तरुण याच काळात त्यांच्याबरोबर काम करत होते. विक्रम साराभाई यांच्याशी त्यांचा स्नेह बंगळूरमध्येच जुळला.

आरंभी भाभा संधी मिळताच केंब्रिजला परतण्याच्या विचारात होते. बंगळूरच्या पाच-सहा वर्षांत हा विचार बदलला. उत्तम काम करू शकणारी माणसे देशात आहेत, परंतु त्यांना जागा नाही, ही जाणीव त्यांना होत गेली. युद्ध संपल्यावर परदेशांतून आलेली आमंत्रणे त्यांनी स्वीकारली नाहीत.

टाटा मूलभूत संशोधन संस्था

१२ मार्च १९४४ रोजी भाभांनी दोराबजी टाटा न्यासाचे अध्यक्ष सर सोराब सकलातवाला यांना पत्र लिहून मूलभूत भौतिकीसाठी एका संस्थेची योजना मांडली. अणुऊर्जेचा वापर वीजनिर्मितीसाठी होऊ लागेल तेव्हा भारताला तज्ज्ञांसाठी परदेशांकडे पाहावे लागू नये, असा मुद्दा त्यात होता. हिरोशिमावर बाँब पडण्यास तेव्हा सतरा महिने अवकाश होता. पुढे ज्यांच्या पाठबळावर ही योजना फोफावली, ते जवाहरलाल नेहरू त्या वेळी अहमदनगरच्या भुईकोट किल्ल्यात कैदेत होते. ऑगस्ट १९४२ पासून मार्च १९४५ पर्यंत ते तेथे होते आणि भाभांच्या पत्रानंतरच्याच महिन्यात त्यांनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' हा ग्रंथ तेथे लिहावयास घेतला. ही दोन लेखने एकाच वसंतात सुरू व्हावीत, हा योगायोग नगरच्या वाचकांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे.

संस्थेचे काम १ जून १९४५ रोजी बंगळूरमध्ये सुरू झाले आणि त्याच वर्षी ती मुंबईला आली. पेडर रोडवरील केनिलवर्थ या बंगल्यात १९ डिसेंबर १९४५ रोजी तिचे रीतसर उद्घाटन झाले. १९४९ मध्ये तिचा मुक्काम गेटवे ऑफ इंडियाजवळील जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत हलला. कुलाब्याच्या टोकाला समुद्रकिनारी बांधलेल्या सध्याच्या वास्तूचे उद्घाटन नेहरूंच्या हस्ते १५ जानेवारी १९६२ रोजी झाले.

संस्था बांधण्याची भाभांची रीत ठरलेली होती. आधी विषय निवडून मग त्यासाठी माणूस शोधायचा, हे त्यांना मान्य नव्हते. योग्य माणूस मिळाला, की त्याच्याभोवती विषय वाढू द्यावा, असे ते मानत. ऑस्ट्रेलिया व अमेरिकेत काम केलेले गोविंद स्वरूप १९६३ मध्ये परतले आणि संस्थेत रेडिओ खगोलशास्त्र सुरू झाले. उटीची दुर्बीण आणि नंतर नारायणगावजवळ खोडद येथे उभारलेली महाकाय दुर्बीण ही त्याचीच फळे आहेत. ओबैद सिद्दिकी आले आणि भौतिकीच्या संस्थेत रेणवीय जीवशास्त्र रुजले. भारतीय बनावटीचा आरंभीचा अंकीय संगणक, टिफ्रॅक, येथेच १९६० मध्ये पूर्ण झाला. कोलार सोन्याच्या खाणींत खोलवर केलेल्या प्रयोगात १९६५ मध्ये वातावरणीय न्यूट्रिनोंच्या खुणा सापडल्या.

अणुऊर्जा कार्यक्रम

१० ऑगस्ट १९४८ रोजी अणुऊर्जा आयोगाची स्थापना झाली. भाभा त्याचे अध्यक्ष, तर शांतिस्वरूप भटनागर आणि के. एस. कृष्णन हे सदस्य होते. ३ जानेवारी १९५४ रोजी ट्रॉम्बे येथे अणुऊर्जा प्रतिष्ठान स्थापन झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये थेट पंतप्रधानांच्या अखत्यारीत अणुऊर्जा विभाग निर्माण होऊन भाभा त्याचे सचिव झाले. त्यांना पद्मभूषण हा सन्मानही १९५४ मध्येच मिळाला.

भारतात युरेनियम मर्यादित असले, तरी केरळच्या किनाऱ्यावरील मोनाझाइट वाळूत थोरियम विपुल आहे. भाभांनी या वस्तुस्थितीवर तीन टप्प्यांचा आराखडा बेतला. पहिल्या टप्प्यात नैसर्गिक युरेनियम आणि जड पाणी वापरणाऱ्या भट्ट्या, दुसऱ्यात त्यांतून मिळालेल्या प्लुटोनियमवर चालणाऱ्या प्रजनक भट्ट्या आणि तिसऱ्यात थोरियमपासून बनवलेल्या युरेनियम-२३३ वर चालणाऱ्या भट्ट्या, असा हा क्रम आहे.

ट्रॉम्बेची पहिली अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी कार्यान्वित झाली. सोव्हिएत संघ वगळता आशियातील ही पहिलीच अणुभट्टी होती. तिचे इंधन ब्रिटनमधून आले होते, पण आराखडा व बांधणी भारतीय अभियंत्यांची होती. पाण्याच्या खोल हौदात बसवलेल्या या भट्टीभोवती निळसर प्रकाश दिसतो. पाण्यातून प्रकाश जितक्या वेगाने जातो, त्याहून जलद जाणारे इलेक्ट्रॉन हा प्रकाश निर्माण करतात. त्याला चेरेंकोव्ह प्रारण म्हणतात. ती निळाई पाहून नेहरूंनी भट्टीचे नाव 'अप्सरा' ठेवले. कॅनडाच्या सहकार्याने बांधलेली सायरस ही भट्टी १९६० मध्ये सुरू झाली. तज्ज्ञांची वाण पडू नये म्हणून १९५७ मध्ये ट्रॉम्बेत प्रशिक्षण शाळा काढण्यात आली. पुढे अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झालेले अनिल काकोडकर हे याच शाळेचे विद्यार्थी. अग्निबाणांच्या संशोधनासाठी साराभाईंच्या नेतृत्वाखाली नेमलेली समितीही १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाच्याच छत्राखाली सुरू झाली.

अणुऊर्जेच्या शांततामय वापरावर १९५५ मध्ये जिनीव्हा येथे भरलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या पहिल्या परिषदेचे अध्यक्षपद भाभांकडे होते. अणुसंमीलनातून नियंत्रित ऊर्जा मिळवण्याची रीत वीस वर्षांत सापडेल, असे भाकीत त्यांनी तेथे केले. ते खरे ठरले नाही. अणुवीज झपाट्याने आणि स्वस्तात मिळेल, हा त्यांचा अंदाजही आशावादीच निघाला. तारापूरचे पहिले केंद्र त्यांच्या मृत्यूनंतर १९६९ मध्ये वीज देऊ लागले. तिसऱ्या टप्प्याची वाट तर देश अजून पाहत आहे.

ऑक्टोबर १९६४ मध्ये चीनने अणुस्फोट केल्यावर भाभांनी आकाशवाणीवरून भाषण केले. सर्व राष्ट्रांनी निःशस्त्रीकरण करावे, ही भूमिका त्यांनी त्यात मांडली. त्याचबरोबर अणुबाँब बनवण्याचा खर्च तुलनेने थोडा असल्याचे आकडेही सांगितले. बाँबच्या बाजूचे आणि विरोधी असे दोन्ही पक्ष तेव्हापासून त्यांच्या नावाचा आधार घेत आले आहेत.

टीका आणि मतभेद

भाभांच्या कार्याची स्तुती करताना त्यांच्यावर झालेली टीका बहुधा गाळली जाते. मेघनाद साहा यांनी अणुसंशोधन विद्यापीठांतूनच वाढावे, असा आग्रह धरला होता. साधने आणि चांगली माणसे थोड्या केंद्रीय संस्थांकडे गेली, तर विद्यापीठे ओस पडतील, ही त्यांची भीती होती. लोकसभेचे सदस्य झाल्यावर साहांनी अणुऊर्जा कार्यक्रमाच्या गोपनीयतेवर आणि गतीवर प्रश्न उपस्थित केले. नेहरूंचा भाभांवर पूर्ण विश्वास असल्यामुळे या प्रश्नांचा धोरणावर परिणाम झाला नाही. आज जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयांतील प्रयोगशाळांची अवस्था पाहिली, तर साहांची भीती निराधार नव्हती, असे म्हणावे लागते.

दुसरा मतभेद मराठी वाचकांना अधिक जवळचा आहे. गोव्यात जन्मलेले आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवलेले दामोदर धर्मानंद कोसंबी यांना भाभांनी आरंभीच आपल्या संस्थेत बोलावले. दोघांचे संबंध प्रथम स्नेहाचे होते. कोसंबी पुण्यात राहत आणि डेक्कन क्वीनने मुंबईला ये-जा करत. भारतासारख्या उन्हाच्या देशाने अणुऊर्जेपेक्षा सौरऊर्जेकडे लक्ष द्यावे, असे ते उघडपणे सांगत. जागतिक शांतता चळवळीतही ते सक्रिय होते. इतिहास व नाणकशास्त्रात त्यांचे मन अधिकाधिक रमू लागले होते. त्यांनी केलेला रीमान गृहीतकाच्या सिद्धतेचा दावा गणितज्ञांना मान्य झाला नाही. अखेर १९६२ मध्ये त्यांची नेमणूक पुढे चालू ठेवण्यात आली नाही. या प्रकरणात दोन्ही बाजूंना काही कारणे होती. तथापि, माणसाभोवती विषय वाढू द्यावा हे तत्त्व सांगणाऱ्या संस्थेत एवढ्या प्रतिभेच्या माणसाला जागा उरू नये, ही गोष्ट बोचल्याशिवाय राहत नाही. भाभांच्या पाठोपाठ पाचच महिन्यांनी, २९ जून १९६६ रोजी, कोसंबींचेही निधन झाले.

कला आणि व्यक्तिमत्त्व

भाभा आजन्म अविवाहित राहिले. ते स्वतः उत्तम रेखाचित्रे काढत. बेथोव्हनच्या संगीतावर त्यांचे विशेष प्रेम होते. संस्थेच्या बांधकामखर्चाचा एक लहान हिस्सा कलाकृतींसाठी राखून ठेवण्याची अनुमती त्यांनी मिळवली आणि त्यातून वासुदेव गायतोंडे, के. एच. आरा, मकबूल फिदा हुसेन अशा तेव्हाच्या तरुण चित्रकारांची चित्रे कुलाब्याच्या भिंतींवर आली. बागांची आखणी ते जातीने पाहत आणि रस्त्याच्या आड येणारे झाड तोडण्याऐवजी मुळांसह हलवायला लावत. कारकुनी दिरंगाई त्यांना सहन होत नसे. नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स या संस्थेचे संस्थापक जमशेद भाभा हे त्यांचे धाकटे बंधू. मलबार हिलवरील 'मेहरानगीर' हा भाभांचा बंगला स्मारक म्हणून जतन करावा, अशी मागणी झाली होती. २०१४ मध्ये त्याचा लिलाव झाला आणि पुढे तो पाडण्यात आला.

मृत्यू

२४ जानेवारी १९६६ रोजी भाभा आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या वैज्ञानिक सल्लागार समितीच्या बैठकीसाठी व्हिएन्नाला निघाले होते. एअर इंडियाचे 'कांचनजंगा' हे बोइंग ७०७ विमान जिनीव्हाला उतरण्याच्या बेतात असताना माँ ब्लाँ पर्वताच्या शिखराजवळ कोसळले. विमानातील सर्व ११७ जण मृत्युमुखी पडले. पर्वतापासून विमानाचे स्थान नेमके कोठे आहे, याविषयी वैमानिक आणि नियंत्रक यांच्यात गैरसमज झाल्याचा निष्कर्ष फ्रेंच चौकशीतून निघाला. घातपाताच्या कथा अधूनमधून प्रसिद्ध होत असतात, परंतु त्यांना पुराव्याचा आधार मिळालेला नाही. लालबहादूर शास्त्रींच्या निधनाला तेव्हा दोन आठवडेही उलटले नव्हते. इंदिरा गांधींचा पंतप्रधानपदाचा शपथविधी त्याच दिवशी झाला. अणुऊर्जा आयोगाची सूत्रे साराभाईंकडे, तर टाटा संस्थेची एम. जी. के. मेनन यांच्याकडे गेली. जानेवारी १९६७ मध्ये ट्रॉम्बेच्या प्रतिष्ठानाचे नाव भाभा अणुसंशोधन केंद्र असे करण्यात आले.

होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र

भाभांच्या नावाने चालणाऱ्या संस्थांत शाळेशी सर्वांत जवळचे नाते असलेली संस्था म्हणजे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र. टाटा संस्थेतील भौतिकशास्त्रज्ञ भा. मा. उदगावकर आणि वि. गो. कुलकर्णी यांच्या पुढाकाराने १९७४ मध्ये ते सुरू झाले. आरंभीच्या कामासाठी या मंडळींनी मुंबई महापालिकेच्या शाळा आणि जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरातील ग्रामीण शाळा निवडल्या. मुले विज्ञानात मागे पडतात ती बुद्धी कमी असल्यामुळे नव्हे, तर बऱ्याचदा पाठ्यपुस्तकाची भाषा त्यांच्या घरच्या बोलीपासून दूर असल्यामुळे, असे या कामात दिसून आले. मग विज्ञानाचे पाठ सोप्या मराठीत पुन्हा लिहून ते वर्गात तपासून पाहण्यात आले. १९९० च्या दशकात हे केंद्र मानखुर्द येथील स्वतःच्या वास्तूत गेले. भारतीय विद्यार्थ्यांची आंतरराष्ट्रीय विज्ञान ऑलिंपियाडसाठी निवड व तयारी तेथेच होते.